लाल दोऱ्यापर्यंत

१

टेबलावर या वस्तू होत्या: पंचवीस मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या, त्यांपैकी तीन रिकाम्या, चौथीत सहा गोळ्या, पाचवी न फोडलेली. तापाच्या गोळ्यांची एक पट्टी, दोन गोळ्या कमी. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, जवळजवळ भरलेली. दोराचे पीळ उकलायचा लाकडी टोच्या. गजराचं घड्याळ, काटा आठवर. आणि काचेचा एक रिकामा पेला, त्याच्या बरोबर मध्यावर लाल दोऱ्याचे सात वेढे.

गोळ्या मी दोनदा मोजल्या. पन्नासातल्या सोळा उरल्या होत्या. पहिले दोन आठवडे रोज एक आणि पुढे रोज दोन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज दोन घ्यायला लागून दहा दिवस झाले होते. चौदा आणि वीस, चौतीस. एक गोळी जास्त गेली नव्हती की कमी.

"मोजून काय होणार, भिंग?" दादा दारातून म्हणाला. घरात मला सगळे भिंगच म्हणतात. "तुझ्याच यंत्रानं सकाळी काय सांगितलं?"

ते मला पाठ होतं. आमच्या दोरांच्या कारखान्यापासून दोन रस्ते पलीकडे जे रुग्णालय आहे, त्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. माझी चुलतबहीण, म्हणजे दादाची धाकटी बहीण, तिथंच वरच्या मजल्यावर होती. आधी तिला ताप आला. मग डोळे लाल झाले, ओठ फुटले, छातीवर गडद ठिपके उठले आणि एकमेकांत मिसळले. दाखल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून निघाली. आकडीसाठी नुकतंच सुरू केलेलं औषध, लॅमोट्रिजिन, तिच्या अंगावर उलटलं होतं. डॉक्टरांनी ते त्याच क्षणी बंद केलं. दाखल झाली त्या सकाळच्या रक्तात ते किती होतं, हे मी मोजलं. इतक्या गोळ्यांना दीडच्या आत यायला हवं होतं. आलं दोन पूर्णांक नऊ.

"दुप्पट," दादा म्हणाला. "म्हणजे दुप्पट घेतल्या. दुसऱ्या दुकानातून आणल्या असतील. तिला परत वर चढायचंय ना! वर्षभर आकडी आली नाही तर बघू, असं डॉक्टर बोलून बसले, आणि बाईसाहेबांना घाई."

उंच इमारतींच्या काचा पुसणारे, धुराडी रंगवणारे लोक ज्या दोरांवर लटकतात, ते आमच्याकडे बनतात. आकडी सुरू होण्याआधी ताई स्वतः लटकायची. सगळे तिला घार म्हणत. खाली उतरवल्यापासून ती दोर गाठायची आणि ओढयंत्रावर ताणून तपासायची.

"जिला स्वतःच्या गोळ्या मोजून घेता येत नाहीत, तिच्या गाठीवर मी माणूस लटकवू?" दादा म्हणाला. "सोमवारी तिनं या महिन्यात केलेले सगळे दोर कापून टाकणार. ओढयंत्राची किल्ली आता माझ्याकडे. तिच्या गोळ्याही माझ्याकडे. आणि तिनं जास्त औषध घेतलं, हे डॉक्टरांना मी सांगून आलोय."

२

घारताईच्या डोळ्यांवर मलमाचा थर होता आणि ओठ पट्टीनं झाकलेले. पाठीखाली न चिकटणारी जाळी अंथरली होती. तिच्या तोंडात जखमा होत्या, त्यामुळे एकेक शब्द ती जपून बाहेर काढत होती.

"दादा म्हणतो, तू दुप्पट घेतल्यास," मी म्हटलं.

"दादाला म्हणावं, बस बोंबलत."

"ताई, मला खरं सांग. मी तुझ्यावर विश्वास..."

"विश्वास ठेवू नकोस." तिनं श्वास घेतला. "मोज."

"मोजलं. गोळ्या बरोबर आहेत. रक्त बरोबर नाही."

"मग रक्त का बरोबर नाही ते शोध. माझ्याकडे काय बघतेस?"

त्वचेच्या डॉक्टरबाई तिच्या दंडावरची पट्टी उचलून बघत होत्या. त्यांनी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले. तापाची गोळी आणि डोळ्यांचे थेंब सोडून दुसरं काही औषध? काढा, चूर्ण, मुळी? घरातल्या कुणाची गोळी चुकून? ताईनं तिन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली, आणि तिसऱ्या वेळी इतक्या जोरात, की डॉक्टरबाई दचकल्या.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "रक्तातलं प्रमाण काही विषाइतकं नाहीये. एवढं औषध लोक वर्षानुवर्षं सुखानं बाळगतात. पण ते हळूहळू चढवावं लागतं. घात होतो तो घाईनं चढण्यानं."

"चढण्याबद्दल," घारताई पट्टीआडून म्हणाली, "मला कुणी शिकवू नये."

डॉक्टरबाईंना हसू आलं. मग त्या मला खिडकीशी घेऊन गेल्या. यकृताचे आकडे तिप्पट होते, ताप हटत नव्हता. "जगेल असं वाटतंय. डोळ्यांचं आज सांगता येणार नाही. लॅमोट्रिजिन मात्र आता जन्मात नाही. पण हे का झालं, ते कळायला हवं. नुसत्या नशिबानंही होतं, कुणाचीच चूक नसताना. तसं असतं तर रक्त बरोबर आलं असतं. तिच्या रक्तात दुप्पट आहे, आणि तिच्या भावानं लिहून घ्यायला लावलंय की तिनं जास्त घेतलं. आता पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी ते वाचेल आणि मग तिच्याकडे बघेल."

"पण गोळ्या तर मोजून बरोबर आहेत."

"मग बादलीचा विचार करा," त्या म्हणाल्या. "नळ तेवढाच सुरू आहे आणि बादली दुप्पट भरलीय. असं केव्हा होतं?"

मला उत्तर येत होतं, पण ते कुठं बसवावं ते कळत नव्हतं. खालचं भोक बुजलं की.

बोळा कुणी घातला होता?

३

थोरले काका, म्हणजे ताईचे वडील, कारखान्याच्या वरच्या खोलीत राहतात. जिना चढताना दोन्ही बाजूंना तयार दोर टांगलेले असतात. प्रत्येकाच्या टोकापासून हातभर अंतरावर लाल दोऱ्याचे सात वेढे. आमच्याकडचा नियम काकांच्याही वडिलांनी घातलेला आहे: ज्यानं गाठ मारली, त्यानं आधी लटकायचं. तो लटकला, गाठ टिकली, की मग तिथं लाल दोरा. लाल दोरा नसलेल्या दोराला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. विम्याचा माणूस एकदा म्हणाला होता, यंत्र असताना हा वेडेपणा कशाला? काकांनी त्याला खुर्चीसकट बाहेर नेऊन ठेवलं होतं.

"ये, पोरी. तुझी घार कशी आहे?"

"तापलेली आहे. दोन्ही अर्थांनी."

"मग जगते." काका हसले, पण डोळे हसले नाहीत. मी चहाचे दोन कप आणले होते. त्यांनी आपला कप माझ्याकडे सरकवला. "आधी तू."

मला वाटलं, पाहुणचार. मी घोटभर प्यायले. मग त्यांनी कप घेतला, आणि तोंडाशी नेता नेता त्यांचा हात कोपरापासून झटक्यानं उडाला. चहा सदऱ्यावर सांडला.

"काका, हे कधीपासून?"

"असतं अधूनमधून. दीडेक महिना झाला असेल." त्यांनी सदरा झटकला. "मध्ये जरा जास्त झालं."

काकांनाही तरुणपणापासून आकडी आहे. घारताईला ती त्यांच्याकडूनच आली. काकांना वेगळं औषध होतं, व्हॅल्प्रोएट. ते पोटातल्या बाळाला बाधतं, आणि ताई पुढं कधी आई होऊ शकते, म्हणून तिला डॉक्टरांनी ते दिलं नव्हतं.

"तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"गोळ्या?" काका ताठ बसले. "खिडकीतून फेकल्या. दिवसभर डोळ्यांवर झापड! पन्नास वर्षं दोरांच्या कामात काढलेला माणूस खुर्चीत बसून लाळ गाळणार? दादाला तोंडावर सांगितलं, आता तुझं औषध माझ्या घशाखाली जाणार नाही. काय करायचं ते कर."

"मग दादानं काय केलं?"

"काय करणार? गप्प बसला."

दादाला मी जन्मापासून ओळखते. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही.

४

कोपऱ्यावरच्या केमिस्टनं मला पाहताच हात जोडले. "तुमच्या दादानं काल दुकानासमोर उभं राहून माझा उद्धार केला. म्हणे, पंचवीसच्या पट्टीत मी पन्नासच्या गोळ्या दिल्या! अहो, पट्टी कारखान्यात बंद होते, मी काय डिंकानं चिकटवतो?"

"तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "उरलेल्यांपैकी दोन गोळ्या दादाकडून मागून घेऊन मी विरघळवून तपासल्या. एकीत चोवीस पूर्णांक आठ, दुसरीत पंचवीस पूर्णांक एक."

"देव तुमचं भलं करो! हे जरा मोठ्यानं सांगा, गिऱ्हाइकं उभी आहेत."

मी मोठ्यानं सांगितलं. एका आजींनी कौतुकानं मान डोलावली.

"ताईनं दुसऱ्या दुकानातून घेतल्या असतील, असंही दादा म्हणतो."

"तिन्ही दुकानांत मी विचारून आलो. माझी अब्रू गेली होती, मी कशाला बसून राहू? कुठंही नाही." तो खुश होऊन बोलतच राहिला. "तुमच्या घरचं कधी चुकेल का माझ्याकडून? गोळ्या धाकटीच्या, बाटली थोरल्यांची. नाव वाचल्याशिवाय पिशवीत टाकत नाही मी."

"कसली बाटली?"

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"थोरल्या काकांनी तर औषध सोडलंय," मी म्हटलं.

केमिस्टनं काउंटर पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. "ते तुम्ही दादांनाच विचारा," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं त्यांना, पातळ औषध गोड असतं, कशातही खपून जातं, पण माणसाला सांगून द्यावं."

५

ओढयंत्र कारखान्याच्या मधोमध आहे. एका टोकाला पोलादी आकडा, दुसऱ्या टोकाला काटा. रविवार असल्यानं कामगार नव्हते. दादा घारताईच्या दोरांचा ढीग करत होता आणि काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होते. मी पेला यंत्राच्या पाट्यावर ठेवला.

"दादा, काकांना औषध कशातून देतोस?"

दादाच्या हातातला दोर खाली पडला. काका सावकाश उठून उभे राहिले.

"संत्र्याच्या रसातून," दादा अखेर म्हणाला. "सकाळी आणि रात्री. काय करू? तुम्ही ऐकत नव्हता, बाबा. यंत्राशी असताना आकडी आली असती तर?"

"चोरून?" काका म्हणाले.

"जीव वाचवायला. आणि तरी तुमचे हात उडायला लागले, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मात्राही वाढवली. आता बोला मला काय बोलायचं ते. पण याचा तिच्या कातडीशी काय संबंध? रस बाबांचा, गोळ्या तिच्या."

"रस वर कोण नेतं?"

"घार. तिला माहीत नव्हतं त्यात काय आहे. मुद्दाम सांगितलं नाही, तिनं बाबांना सांगितलं असतं."

मी पेल्यावरच्या दोऱ्याला बोट लावलं. "हा पेला मला ताईच्या टेबलावर मिळाला. मला वाटलं, दिसेल त्याला दोरा गुंडाळायची तिची खोड. पण तिचे वेढे उजवीकडून निघतात. हे डावीकडून निघालेत. या घरात डावखुरं एकच माणूस आहे. काका, तुमच्याकडे लाल दोऱ्याचा अर्थ काय?"

काकांनी पेला उचलून दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"मीच सांगते. इथपर्यंत, देणाऱ्यानं स्वतः पेललेलं आहे. परवा मी चहा आणला, तर तुम्ही म्हणालात, आधी तू."

"या घरात मला काहीतरी खायला घालतायत, हे मला समजत होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "रस नको तितका गोड लागायचा. मी पोरीला म्हटलं, तू आणलास ना, मग तूच आधी पी. निम्मा. दोऱ्यापर्यंत. ती हसली आणि प्यायली. रोज प्यायची. मला वाटलं, माझी पोर पितेय म्हणजे त्यात काही नाही. मग मीही उरलेला प्यायचो."

"आणि दादाला सांगितलं नाहीत."

"त्याला कशाला सांगू? त्याचीच तर परीक्षा होती."

दादा स्टुलावर बसला.

"काकांना औषध निम्मंच मिळत होतं, म्हणून त्यांचे हात उडत होते," मी म्हटलं. "ते बघून तू मात्रा वाढवलीस. वाढीव निम्मं ताईच्या पोटात गेलं. नेमकं तेव्हाच तिच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या होत्या. व्हॅल्प्रोएट शरीरात असलं की यकृत लॅमोट्रिजिन बाहेर टाकायला दुप्पट वेळ लावतं. दोन्ही एकत्र द्यायची असतील तर डॉक्टर निम्म्याच मात्रेनं, म्हणजे एक दिवसाआड गोळी देऊन सुरुवात करतात. ताई मोजून, घड्याळ लावून, सांगितलं तेवढंच घेत होती. नळ बरोबर होता. मोरीत बोळा होता."

दादानं पडलेला दोर उचलून मांडीवर घेतला.

"दोष देताना मी तिचं नाव घेतलं," दादा म्हणाला.

"माझंही नाव घे," काका म्हणाले. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस. मी तिला सांगितलं असतं तर ती प्यायली नसती, म्हणून मीही सांगितलं नाही. आपण दोघांनी तिला न विचारता तिच्यावर वजन टांगलं."

पण दादा दादाच. थोड्या वेळानं त्यानं डोकं वर केलं. "हे सगळं तुझं गणित झालं, भिंग. डॉक्टरांच्या कागदावर मी सांगितलेलं छापलंय. गणितानं ते खोडणार नाहीत."

"गणितानं नाही खोडणार," मी म्हटलं. "दाखल झाली त्या सकाळच्या रक्तातलं थोडं उरलंय. आमच्याकडे आठवडाभर गोठवून ठेवतात. जे औषध तिला कुणी लिहून दिलंच नव्हतं, ते त्यात आहे की नाही, एवढंच बघायचंय."

"नसलं तर?"

"नसलं तर सोमवारी दोर काप. मी कात्री धरते."

६

सोमवारी सकाळी डॉक्टरबाई स्वतः खाली प्रयोगशाळेत आल्या आणि यंत्राशेजारी उभ्या राहिल्या. दादा दाराबाहेर होता. मी नळी ठेवली, झाकण लावलं. कुणी न लिहून दिलेलं व्हॅल्प्रोएट, एकतीस मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर.

डॉक्टरबाईंनी तिथंच उभ्यानं जुनं वाक्य खोडलं आणि खाली सही केली. दादा तो कागद घेऊन वर गेला. मी मागे गेले नाही, पण परिचारिकेनं नंतर सांगितलं की दादानं कागद वाचून दाखवला, आणि पट्टीआडून एकच वाक्य ऐकू आलं: "किल्ली आण."

ती घरी आली तेव्हा तिच्या पाठीवर गुलाबी नवी कातडी होती आणि डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब घालावे लागत होते. उजेडात डोळे चुरचुरतात, नखं दोन गळून पडलीत, आणि लॅमोट्रिजिन कधीही देऊ नये असं लिहिलेलं कार्ड गळ्यात आहे. आकडीसाठी आता वेगळ्या जातीचं औषध आहे. काका त्यांचं औषध उघड घेतात, झापड येणार नाही अशा नव्या मात्रेत, डॉक्टरांशी दोन वेळा भांडून ठरवलेल्या. ते देताना दादा बाटली समोर ठेवतो, नाव वाचून दाखवतो आणि वर टोमणे ऐकतो.

वर चढायचं की नाही, ते वर्षानं ठरेल. ओढयंत्राचं त्याच दिवशी ठरलं.

"ढिगातला कुठलाही उचल," घारताई दादाला म्हणाली. डोळ्यांवर काळा चष्मा होता. "तुझ्या हातानं. मला दाखवूही नकोस."

"गरज नाही गं. मी मानतो तुला."

"मानू नकोस. ताण."

दादानं ढिगाच्या तळातून एक दोर ओढून काढला. तो ताप यायच्या आदल्या आठवड्यातला होता. आकड्याला अडकवला आणि किल्ली तिच्यासमोर धरली. तिनं ती घेतली नाही.

"गाठ माझी आहे," ती म्हणाली. "आधी मी."

दोर आढ्याच्या तुळईवरून घेतला. तिनं पट्टा बांधला, पाय उचलले आणि जमिनीपासून वीतभर वर लटकत राहिली. नवी कातडी ताणली गेली तसे तिनं दात आवळले. काका पायरीवरून बघत होते. कुणीही तिला उतर म्हटलं नाही. मग ती उतरली, दोर स्वतः यंत्रावर चढवला, आणि किल्ली मागून घेतली.

बावीसशे किलोच्या आत तुटला तर सगळा ढीग कापायचा, असं ठरलं होतं. काटा चढत गेला. अठराशेला दोर करकरला. दोन हजाराला दादानं तिच्याकडे बघितलं. ती काट्याकडे बघत होती. मी आकडे मोठ्यानं वाचत होते, कारण तिला ते अजून नीट दिसत नव्हते.

दोर गाठीपासून हातभर दूर तुटला. दोन हजार चारशे दहा किलो.